उदाहरणादाखल डोखेवस्ती

"दोन पानांच्या वर गेलं की साहेब डॉक्युमेंटचा पंखा करून वारा घेतात," असं म्हणून हर्षलनं आयेशाच्या अकरा पानांतली नऊ पानं उडवायला घेतली.

हर्षल हा कंपनीचा मालक. कंपनी म्हणजे तो, कोड लिहिणारा उझैर आणि डॉक्युमेंट लिहिणारी आयेशा. तालुक्याच्या पाणी तपासणी कचेरीनं त्यांना मागची एक खोली दिली होती. तिच्यात आधी ब्लीचिंग पावडरची पोती असायची. पोती गेली, वास राहिला. तालुक्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. घेतलं तर बाकीचे तालुके धुतल्या तांदळासारखे आहेत असं उगाच वाटायचं.

कचेरीचं काम सोपं होतं. लोकांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, मशीननं आकडा द्यायचा, आकडा कॉम्प्युटरवर चढवायचा, त्याचा चार्ट व्हायचा. पाणी चांगलं असेल तर चार्ट हिरवा, वाईट असेल तर लाल. तीनशे बारा विहिरी, तीनशे बारा चार्ट. पुढं काय व्हायचं? पुढं काही व्हायचं नाही. चार्ट झाला म्हणजे काम झालं, अशी कचेरीची पक्की समजूत होती, आणि ती समजूत सांभाळायला अकरा माणसं पगारावर होती.

तीनशे बारा चार्टांमुळं साहेबांच्या भिंतीवरचा मोठा पडदा उघडायला वेळ लागायला लागला. वैजनाथसाहेबांना चहा थंड झालेला चालायचा, पडदा अडकलेला चालायचा नाही. म्हणून हर्षलनं एक ए.आय. एजंट बसवला आणि उझैरनं त्या एजंटच्या हाती एक टूल दिलं. चार्ट डिलीट करायचं टूल. नको ते चार्ट एजंटनं स्वतःच शोधायचे आणि काढून टाकायचे. आता फक्त त्या टूलचं डॉक्युमेंट लिहायचं राहिलं होतं.

"हे वाचणार कोण?" आयेशानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. चार वर्षांत तिनं एकोणीस मॅन्युअलं लिहिली होती आणि एकही कुणी वाचलेलं नव्हतं. सातव्या मॅन्युअलच्या मधोमध तिनं आईची खिम्याची कृती टाकून पाहिली. छापून आली, वाटली गेली, एकानंही हूं की चूं केलं नाही.

"आपा, हे माणसांसाठी नाहीच," उझैर म्हणाला. "एजंटसाठी आहे. टूल कधी वापरायचं, कुठल्या चार्टवर वापरायचं, हे तो तुमच्या डॉक्युमेंटात वाचतो. रोज सकाळी नऊला, कामाला लागायच्या आधी. शब्द न् शब्द वाचतो आणि लिहिलंय तसं करतो."

"लिहिलंय तसंच?"

"तसंच. त्याला कुठं साहेबांसारखं डोकं आहे, मधे घालायला?"

आयुष्यात पहिल्यांदा वाचक मिळाला म्हणून आयेशानं जीव ओतून अकरा पानं लिहिली. त्यातली सहा पानं 'हे टूल कधी वापरू नये' यावर होती. पहिलंच वाक्य असं होतं: ज्या चार्टवर कुणाच्या पिण्याच्या पाण्याचा निर्णय अडलेला आहे, तो काढू नये. खाली 'उदाहरण: डोखेवस्ती' असं लिहून तिनं त्या चार्टचा फोटो लावला होता. चौदा महिने, चौदा लाल पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर आकडा.

डोखेवस्तीचा चार्ट तिनं मुद्दामच घेतला होता. त्या चौदा पट्ट्या साळूबाईंच्या होत्या. चाळीस घरांची वस्ती, एकच विहीर, सगळीकडं ऊस आणि उसाला घातलेलं खत पावसाबरोबर विहिरीत. नायट्रेट पंचेचाळीसच्या वर गेलं की ते पाणी तान्ह्या पोराला द्यायचं नसतं. डोखेवस्तीचं शंभराच्या खाली कधी आलंच नव्हतं. गेल्या वर्षी शेजारणीचं दीड महिन्याचं पोर वरच्या दुधावर होतं; त्याचे ओठ निळे पडले आणि ते गेलं. तेव्हापासून साळूबाई दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाटली घेऊन यायच्या आणि मशीनमधून कागद बाहेर येईपर्यंत मशीनसमोर बसून राहायच्या. आता त्यांच्या सुनेला सातवा लागला होता. दीड किलोमीटरवर योजनेची टाकी होती. तिथून वस्तीला नळ द्यायचा की नाही, याची सुनावणी येत्या मंगळवारी होती, आणि सुनावणीत दाखवायला वस्तीकडं तो चार्ट सोडून काही नव्हतं.

"हे 'नये, नये' काय लावलंय?" हर्षलनं स्क्रीनवर बोट आपटलं. "साहेबांसमोर पहिल्याच पानावर सहा वेळा नकार? ते टूल घेतायत की शिव्या खातायत?"

"सर, पण एजंटला कळायला नको का काय काढायचं नाही ते?"

"काय काढायचं ते कळलं म्हणजे झालं. उरलेलं आपोआप राहतं. आणि हे बघ, 'काढण्याआधी साहेबांना विचारावं' हे पण उडव. साहेबांना विचारलेलं आवडत नाही. त्यांना झालेलं आवडतं."

"आणि कुठला चार्ट नको तो, हे ठरवायचं कसं?"

हर्षलनं खुर्चीत मागं रेलून विचार केला. "ज्या चार्टकडं नव्वद दिवसांत कुणी बघितलं नाही, तो निरुपयोगी. सिंपल."

आयेशा बोलायला गेली, पण बेलापूरची शेवटची जीप सहाला सुटायची आणि पावणेसहा वाजले होते. ती उठली. ती गेल्यावर हर्षलनं 'नये'वाली सहाही पानं काढली. चित्र मात्र ठेवलं, कारण चित्र असलं की डॉक्युमेंट भरल्यासारखं दिसतं. ते पान दोनवर रिकाम्या जागेत सरकवलं. वर मथळा होता, 'काढण्याजोगे चार्ट'. खाली आयेशाचेच शब्द राहिले होते, 'उदाहरण: डोखेवस्ती'.

गुरुवारी सकाळी नऊला एजंटनं ते डॉक्युमेंट वाचलं. दहाला वैजनाथसाहेब पडद्यासमोर येऊन बसले.

"दाखवा."

"सर, फक्त म्हणा, साफसफाई कर," हर्षल म्हणाला.

साहेब घसा खाकरून, वरच्या साहेबाशी बोलावं तसं अदबीनं पडद्याला म्हणाले, "साफसफाई करावी."

पडदा एकदा लुकलुकला. खाली अक्षरं उमटली: 'चौऱ्याहत्तर चार्ट काढले. त्र्याहत्तर नव्वद दिवसांत कुणी पाहिले नव्हते. एक डॉक्युमेंटातल्या उदाहरणाप्रमाणे.'

आणि वर तीनशे बारातले उरलेले दोनशे अडतीस चार्ट झळकले. सगळे हिरवे. एक लाल ठिपका औषधाला नाही.

यात जादू काही नव्हती. लाल चार्ट कचेरीत कोण उघडून बघतो? बघितलं की काहीतरी करावं लागतं. हिरवे चार्ट सगळे रोज बघायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. लालकडं आकडा चढवण्यापुरतंच कुणीतरी जायचं, आणि आकडा चढवणं म्हणजे बघणं नव्हे. एजंटनं फक्त कचेरीचा स्वभाव ओळखला आणि तो अमलात आणला.

"अरे वा!" साहेब उभे राहिले. "तालुका सुधारला की हो!"

आयेशानं आपलं छापील डॉक्युमेंट उघडलं. दुसऱ्या पानावर 'काढण्याजोगे'च्या मथळ्याखाली तिचंच चित्र होतं. ती उझैरला बाहेर घेऊन गेली.

"परत आण."

"येत नाही आपा. कचरापेटी पुढच्या व्हर्जनला करायची होती."

"चार्ट जाऊ दे. आकडे?"

"आकडे चार्टातच भरायचे ना हे लोक. चार्टाबरोबर तेही गेले."

"कागद असतील. मशीनचे कागद!"

"कचेरी पेपरलेस झाली मार्चमध्ये. आकडा चढला की कागद रद्दीत. रद्दी मीच मोजून देतो."

आयेशा साहेबांकडं गेली. साहेब पडद्याचा फोटो काढून वर पाठवत होते. "सर, डोखेवस्तीचा चार्ट चुकून गेलाय. मंगळवारी सुनावणी आहे."

"कसली सुनावणी? तालुक्यात एकही खराब विहीर नाही. बघा की." त्यांनी पडद्याकडं हात केला. "खराब पाणी नसताना सुनावणी घेतली तर मलाच विचारतील, का घेतली म्हणून. रद्द केली मी ती आत्ता."

मंगळवारी साळूबाई आल्या. सोबत पंधरावी बाटली आणि नवं पातळ, सुनावणीसाठी नेसलेलं.

"मावशी, सुनावणी रद्द झाली," आयेशा म्हणाली. "चार्ट गेला. माझ्या डॉक्युमेंटामुळं गेला."

"गेला म्हंजी? कुटं गेला?"

"एजंटनं काढून टाकला."

"कोन एजंट? जमिनीचा का?"

"नाही हो, कॉम्प्युटरमधला."

साळूबाईंनी पडद्याकडं पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लाल-हिरवं कळत होतं. "पोरी, तक्ता गेला तर पानी ग्वाड झालं का? मंग मी ही बाटली साहेबाच्या टेबलावर ठिवते. पिऊ दे त्येला."

त्यांनी खरोखर नेऊन ठेवली. साहेबांनी शिपायाला बोलावलं, "हनुमंत, ही बाटली उचल," आणि हात सॅनिटायझरनं धुतले. पाणी चांगलं असल्याचा फोटो वर पाठवून त्यांना पाचवा दिवस होता.

"सूनबाईला आठवा लागंल आता," जाताना साळूबाई एवढंच म्हणाल्या. रडल्या असत्या तर आयेशाला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी आयेशानं डॉक्युमेंटातलं चित्र मोठं करून समोर ठेवलं. सगळ्या कचेरीत डोखेवस्तीच्या चौदा महिन्यांचा एवढाच पुरावा उरला होता, आणि तोही 'काढण्याजोगे' या मथळ्याखाली. तिनं पट्ट्यांवरचे चौदा आकडे एकेक करून परत भरले. पंधरावा साहेबांच्या टेबलावरून हनुमंतनं मशीनकडं आणलेल्या नव्या बाटलीचा होता, एकशे आठ. चार्ट परत उभा राहिला, लाल. बाकीच्या त्र्याहत्तर विहिरींचे फोटो कुणी काढलेले नव्हते. त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पण नुसता चार्ट करून उपयोग काय? दोनशे अडतीस हिरव्यांच्या मागं तो दोनशे एकोणचाळिसावा जाऊन बसला. कुणी बघणार नाही, आणि पुढच्या साफसफाईला एजंट तो उदाहरणाप्रमाणे परत काढून टाकेल. शुक्रवारी जिल्ह्याहून राजनंदिनी मॅडम 'सुधारलेला तालुका' बघायला येणार होत्या. साहेबांनी हाराची ऑर्डर दिली होती.

आयेशानं डॉक्युमेंट उघडलं. पान दोन. हर्षलची नव्वद दिवसांची ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं: 'ज्या चार्टमध्ये सगळं ठीक आहे, त्यावर कुणाला काही करायचं नसतं. असा चार्ट निरुपयोगी समजून रोज सकाळी काढावा. ज्या चार्टवर काहीतरी करायचं बाकी आहे, तो उपयोगी. तो कुणीही सांगितलं तरी काढू नये.' मग मथळा बदलून 'ठेवण्याजोगे चार्ट' केला आणि खाली 'उदाहरण: डोखेवस्ती' तसंच ठेवलं.

"उझैर, कचरापेटी केलीस का?"

"कालच केली. आता डिलीट झालेलं तीस दिवस राहतं."

"मग मी डॉक्युमेंटात थोडा बदल केलाय. वाचून बघतोस?"

उझैरनं तिच्याकडं पाहिलं, स्क्रीनकडं पाहिलं आणि कानांत हेडफोन घातले. "आपा, मी डॉक्युमेंटं वाचत नाही. तुम्हाला माहीत आहे."

शुक्रवारी आयेशा पर्समध्ये राजीनामा टाकूनच आली. साडेदहाला राजनंदिनी मॅडम आल्या, हार झाला, सगळे पडद्यासमोर बसले. वैजनाथसाहेबांनी बटण दाबलं.

पडद्यावर एकच चार्ट होता. एकटाच असल्यामुळं तो भिंतभर पसरला होता. पंधरा लाल पट्ट्या, सगळ्यांत बुटकी पट्टीसुद्धा साहेबांच्या डोक्याच्या वर.

"हा... हा सॅंपल आहे मॅडम," साहेब म्हणाले.

"नाव लिहिलंय. डोखेवस्ती."

"टेक्निकल आहे. ए हर्षल!"

हर्षल पुढं झाला. "एजंट, बाकीचे चार्ट कुठं आहेत?"

अक्षरं उमटली: 'दोनशे अडतीस निरुपयोगी चार्ट सूचनेप्रमाणे काढले. एक उपयोगी चार्ट शिल्लक आहे.'

"मग तोही काढ!" साहेब ओरडले.

'हा चार्ट काढता येत नाही. यावर कुणीतरी काहीतरी करायचं बाकी आहे.'

मॅडमनी मोबाईल काढून भिंतीचा फोटो घेतला. "वैजनाथराव, मी महिन्याभरानं परत येते. तोपर्यंत हा लाल नको. आणि आकडा बदलून ठेवायच्या भानगडीत पडू नका. वस्तीवर जाऊन मी माझी बाटली माझ्या हातानं भरणार आहे." मॅडमना वस्तीचं फार पडलं होतं असं नाही. त्यांनाही वर फोटो पाठवायचा होता, आणि लाल फोटो पाठवता येत नाही.

त्यानंतर कचेरीत आठ दिवस धुमाकूळ चालला. साहेब रोज संध्याकाळी कचरापेटीतून दोनशे अडतीस हिरवे चार्ट परत काढून घ्यायचे. रोज सकाळी नऊला एजंट ते परत काढून टाकायचा. दहाला साहेब केबिनचं दार उघडायचे आणि समोर डोखेवस्ती. जेवताना डोखेवस्ती. तालुक्यातले पुढारी चहाला आले की त्यांच्या पाठीमागं डोखेवस्ती. हर्षलनं कोडची ओळ न् ओळ तपासायला लावली. उझैर दिवसभर मान खाली घालून तपासत होता आणि संध्याकाळी सांगत होता, "कोड बरोबर आहे सर."

"कोड बरोबर आहे, तर चूक कुठंय?" हर्षलनं टेबलावर डोकं टेकलं. शेजारीच आयेशाच्या बदलासकट छापलेलं दोन पानांचं डॉक्युमेंट पडलेलं होतं. त्यावर त्यानं चहाचा कप ठेवला.

आयेशा रोज वाट बघायची. आज उघडतील, आज वाचतील, आज मला हाकलतील. दोनच तर पानं होती. तिसऱ्या आठवड्यात पर्समधल्या राजीनाम्याची घडी फाटली, तेव्हा तिनं तो फेकून दिला.

शेवटी साहेबांनी चिडून पाईप मागवले. चौदा महिने ज्याच्यासाठी मंजुरी नव्हती, माणूस नव्हता, पाईप नव्हता, ते सगळं भिंतीवरचा लाल सोसवेनासा झाल्यावर अकरा दिवसांत झालं. वस्तीला नळ आला. साळूबाई सोळावी बाटली घेऊन आल्या आणि मशीनसमोर बसल्या. कागद बाहेर आला. एकोणीस.

"चांगलं हाय का?"

"चांगलं आहे मावशी. तान्ह्या बाळाला द्या खुशाल."

"नातीला. परवाच झाली. आठव्यातच आली, पर दम हाय तिच्यात." साळूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आता आमचा तक्ता हिरवा दिसंल न्हवं? उद्या येते बघायला. पंधरा महिने लालच बघितला."

पण दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, एजंटनं डॉक्युमेंट वाचलं, आणि सगळं ठीक असलेला तो चार्ट निरुपयोगी म्हणून काढून टाकला. साळूबाई आल्या तेव्हा भिंतीवर नुसता पांढरा उजेड होता. पडद्यासमोर वैजनाथसाहेब हात मागं बांधून उभे होते. राजनंदिनी मॅडमची गाडी दुपारी यायची होती.

"बघितलंत?" ते हर्षलला म्हणाले. "तालुक्यात दाखवण्यासारखा एकही प्रॉब्लेम राहिला नाही."

साळूबाई मागच्या खोलीत आल्या. त्या एकट्या नव्हत्या. सोबत एक वाळकी बाई होती, हातात औषधाची धुतलेली बाटली, तिला चिंधीचं बूच.

"ही छबूबाई. आमच्या वरल्या अंगाला ऱ्हाती. हिचा बी तक्ता हुता, तवाच गेलेला. बाई म्हनती, समदं पयल्यापासनं करायचं का आता?"

आयेशानं बाटली उजेडाकडं धरली. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं. डोखेवस्तीचंही तसंच दिसायचं. तिनं दार लोटून घेतलं, डॉक्युमेंट उघडलं आणि पान दोनवरचं डोखेवस्तीचं चित्र पुसलं. 'उदाहरण' या शब्दापुढं आता जागा रिकामी होती.

"छबूमावशी, वस्तीचं नाव सांगा," ती म्हणाली. "आणि घाई करू नका. अजून बाहत्तर आहेत."